इंजिन ठणठणीत होतं

मला नदीकाठची सगळी माणसं सायलेन्सर म्हणतात. माझ्यात तो बसवायचाच राहून गेला, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय आणि तितकीच वर्षं लोकांची अक्कल काढतोय. कुणी इंजिनात पाणी जाऊ दिलं की मी त्याला त्याच्या बायकोसमोर झापतो. तरी येतात, कारण माझ्या हातून गेलेलं इंजिन त्याच तक्रारीसाठी परत येत नाही, असा माझा लौकिक आहे. होता, म्हणा.

हे आधीच सांगून टाकलं. पुढचं ऐकताना तुम्हाला मी कोणी गरीब बिचारा म्हातारा वाटायला नको.

परवा सकाळी दुकानाची फळी वर करतोय तोच पुतणी हातगाडी ढकलत आली. धाकट्या भावाची मुलगी, सव्वीस वर्षांची, बांधकामावर क्रेन चालवते. गाडीवर ताडपत्रीत गुंडाळलेलं धूड होतं आणि शेजारी लाल टाकी. ताडपत्री सोडायच्या आधीच ते काय आहे हे मला कळलं.

धाकट्याचं इंजिन. तीन वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत पडून होतं. ज्या दिवशी तो बुडाला त्या दिवशी बोट बंधाऱ्याखालच्या लव्हाळ्यात अडकलेली सापडली, सरळ, आत घोटाभर पाणी आणि मागे हे इंजिन जसंच्या तसं. चार जणांनी ते काढून घरी आणून ठेवलं. त्यानंतर कोणी त्याला हात लावला नव्हता. मीही नाही.

पुतणी म्हणाली, पलीकडे नेणारी नाव महिनाभर बंद आहे, नव्या नावाड्यानं काम सोडलं, पुलाला सात मैलांचा वळसा पडतो. तिला आता बापाची बोट चालवायची होती. मी म्हटलं, क्रेनवर काय वाईट चाललंय? ती म्हणाली, वाईट काही नाही. मग म्हणाली, "काका, दारुड्याच्या मुलीच्या बोटीत कोणी बसणार नाही, असं धक्क्यावर बोलतात. मला हे उघडून बघायचंय. त्या दिवशी हे का थांबलं, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

मी तिला उडवून लावणार होतो. पण ती हातगाडीचा दांडा सोडेना, शेवटी मी फळी पूर्ण वर केली.

तुम्हाला त्या दिवसाचं सांगायला हवं. नदी फुगलेली होती. पलीकडच्या वस्तीत एक बाई अडली होती, म्हणून नर्सबाई आपली पिशवी घेऊन धावत धक्क्यावर आल्या. धाकट्यानं त्यांना बोटीत घेतलं, पहिल्या झटक्याला इंजिन चालू झालं आणि ती दोघं निघाली. मधल्या धारेत पोचले न पोचले तोच इंजिन बंद पडलं. काठावरून लोकांनी बघितलं, धाकटा उभा राहून दोरी ओढतोय, खाली वाकतोय, परत दोरी ओढतोय, झुलतोय. बोट वाहत वाहत बंधाऱ्यावर आडवी झाली, नर्सबाई पडल्या आणि त्यांच्यामागे त्यानं उडी टाकली. नर्सबाई दुसऱ्या दिवशी सापडल्या. तो नवव्या दिवशी सापडला, आणि तोवर त्याच्यात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच्या आदल्याच दिवशी ते इंजिन माझ्या दुकानातून गेलं होतं. साहजिकच धक्क्यावरच्या कचेरीत मला बोलावलं. इंजिनात काही दोष होता का, असं विचारलं. मला त्या प्रश्नाचाच राग आला. मी म्हटलं, इंजिन ठणठणीत होतं, मी स्वतः पाण्याच्या पिंपात चालवून दिलंय. मग काय झालं असेल, असं साहेबांनी विचारलं. आणि मी, माझ्या या थोर तोंडानं, म्हणालो, "इंजिन ठणठणीत होतं. माणूस ठणठणीत नसेल."

झालं. धाकटा बारा वर्षं प्यायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी त्यानं सोडली होती, पण त्याआधीही तीनदा सोडली होती, त्यामुळे या सोडण्याला कोणी किंमत दिली नाही. माझं वाक्य संध्याकाळपर्यंत दोन्ही काठांवर पोचलं. झुलत होता ना तो? मग बरोबर. सख्खा भाऊच म्हणतोय. नर्सबाईंच्या आईनं धाकट्याच्या दाराशी येऊन त्याच्या बायकोला नाही नाही ते ऐकवलं आणि तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. घरात त्याचा एक फोटो होता, तोही तिनं उतरवला.

मी खोटं बोललो होतो असं नाही. मला तसंच वाटत होतं. इंजिन माझ्या हातून गेलं होतं, तेव्हा चूक दुसऱ्या कुणाची तरी असणार. इतकं सरळ होतं ते.

तर आम्ही इंजिन स्टँडला लावलं. वरचं झाकण काढलं तर आत उंदरांनी संसार मांडलेला, चिंध्या, कापूस, कागदाचे कुरतडलेले तुकडे. पुतणीनं ते सगळं ओंजळीनं काढलं. प्लग काढला, सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं आणि तिला म्हटलं, आता दोरी सावकाश ओढ, धसमुसळेपणा करायचा नाही, पोटात गंज असेल तर ओरखडे पडतील. तिनं ओढली. घट्ट वाटली, मग सुटली. पिस्टन मोकळा होता. प्लग घासून दोरी ओढली तर ठिणगी निळी पडली. तीन वर्षांनी निळी ठिणगी म्हणजे नशीबच. मी तसं म्हणालो आणि ती पहिल्यांदा हसली.

मग टाकी. झाकण उघडल्याबरोबर दोघांनी तोंडं बाजूला केली. जुन्या पेट्रोलचा वास पेट्रोलसारखा येत नाही. वार्निश आंबल्यासारखा येतो आणि डोळ्यांत जातो. ओतून काढलं तर काढ्याच्या रंगाचं. तळाशी चिकट राप बसलेला, बोटानं निघेना. मला शिकवायची खाज आहेच. मी तिला म्हटलं, हे बघ, पेट्रोल नुसतं वाळून जात नाही, जाताना हा डिंक मागे ठेवून जातं. तीन वर्षं भरलेलं ठेवलं तर कार्बोरेटरची पार वाट लागते. आता उघडलास की आत हिरवा चिकटा दिसेल, जेटची, पेट्रोल जायची, बारीक भोकं बुजलेली असतील. दिवस जाईल साफ करण्यात. कुणी बंद ठेवलेलं इंजिन आणलं की मी आधी हेच बघतो, की शेवटी नळी काढून, आतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून, त्याला उपाशी मारलंय का. उपाशी मेलेलं इंजिन आतून कोरडं राहतं. भरल्या पोटी ठेवलेलं सडतं.

तिनं ते नीट ऐकलं. क्रेनवाली आहे, सांगितलेलं लक्षात ठेवते.

कार्बोरेटर तिनंच उतरवला. पेट्रोल साठायची खालची वाटी चार स्क्रूंनी बसवलेली असते, ते तिनं काढून ओळीनं फडक्यावर ठेवले. वाटी सुटली. तिनं ती उजेडाकडे धरली आणि मला म्हणाली, "काका, ही तर स्वच्छ आहे."

मी चष्मा लावला. वाटी स्वच्छ होती. तळाशी एक पुसट कडं, बशीत चहाचा थेंब वाळावा एवढं. जेटचं पितळ चकचकीत. भोकातून पलीकडची खिडकी दिसत होती.

चष्मा पुसून मी परत बघितलं. तशीच होती.

तिला आधी आनंद झाला, दिवसाचं काम वाचलं म्हणून. मग तिचा चेहरा बदलला. ती म्हणाली, हे तर आम्ही जसंच्या तसं ठेवलं होतं. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग याला उपाशी कोणी मारलं?

मी म्हटलं, सुकलं असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. पेट्रोल नुसतं वाळून जात नाही हे मीच तिला दहा मिनिटांपूर्वी बजावलं होतं. पण ती मला उलट बोलत नाही, लहानपणापासून नाही. तिनं वाटी खाली ठेवली. मी तिला पंपावर पिटाळलं, ताजं पेट्रोल आण, आणि येताना कोपऱ्यावरून गॅस्केटचा कागद आण. ती गेली.

ती गेल्यावर मी नळी हातात घेतली. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी, तिच्या मधोमध रबरी फुगा असतो. तो दाबला की टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकललं जातं. आत पडदे असतात, पेट्रोल एकाच दिशेला जाऊ देतात, आणि फुग्यावर त्या दिशेचा बाण असतो, काळ्यावर काळा, उठावाचा. बाण इंजिनाकडे हवा. धाकट्यानं आदल्या दिवशी इंजिन आणलं होतं ते या फुग्यासाठीच, जुना चिरला होता म्हणून. नवा मी बसवला. दहा मिनिटांचं काम. चष्मा तेव्हा माझ्या खिशात असायचा. हे काम आंधळासुद्धा करेल असं मी म्हणायचो.

टाकीकडच्या टोकाला आटे असतात, इंजिनाकडच्या टोकाला कडी. मी दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि अंगठ्यानं बाण चाचपला.

तो टाकीकडे होता.

मी परत चाचपला. मग बाकावर बसलो.

तुम्ही विचाराल, तरी इंजिन चाललं कसं माझ्याकडे. सांगतो. माझा एक नियम आहे आणि त्याचा मला फार तोरा होता. गिऱ्हाइकाच्या टाकीवर मी इंजिन कधी तपासत नाही. लोक काय वाटेल ते भरतात, पाणी, कचरा, आणि नाव माझं खराब. पिंपात इंजिन लावायचं ते माझ्या टाकीवर, माझ्या नळीनं. धाकट्याचंही तसंच चालवलं. ठणठणीत चाललं. वाटी माझ्या पेट्रोलनं भरलेली राहिली, तशीच त्याला दिली. त्याची नळी मी नुसती गुंडाळून टाकीवर ठेवली. तपासली नाही. माझ्या हातानं बसवलेलं काय तपासायचं?

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या झटक्याला चालू झालं. वाटीभर पेट्रोल तीन मिनिटं पुरतं. धक्क्यापासून मधल्या धारेपर्यंत तीनच मिनिटं लागतात.

आणि तो झुलत होता म्हणे. पुरात बोटीत उभं राहून दोरी ओढणारा कोणीही झुलेल. खाली वाकत होता तो फुगा दाबायला वाकत होता. मीच त्याला शिकवलं होतं, बंद पडलं की आधी फुगा दाब. तो दाबत होता आणि प्रत्येक दाबाला पेट्रोल परत टाकीत जात होतं. शेवटपर्यंत तो मी सांगितलं तेच करत होता.

माझं काळीज फाटलं, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण त्या बाकावर बसून मी लहान मुलासारखा रडलो, आणि रडता रडता दुसरं डोकं चालूच होतं. फुग्याचं रबर तीन वर्षांत कडक झालं होतं. तो तसाही बदलायलाच हवा होता. कोणताही मेकॅनिक बदलेल. मी तो इंजिनाकडच्या नळी-कडीसकट कापून काढला, भंगाराच्या डब्यात टाकला आणि नवा लावला. चष्मा लावून लावला. दोनदा बाण बघितला. पुतणी परत आली तेव्हा मी तोंड धुऊन वाटी परत बसवत होतो. तिनं विचारलं, नळीत काही सापडलं का? मी म्हटलं, रबर गेलं होतं, बदललं.

दुपारपर्यंत आम्ही पाण्याच्या पंपाचा पंखा बदलला, खालचं ऑइल बदललं आणि इंजिन पिंपात सोडलं. या वेळी मी म्हटलं, तुझ्याच टाकीवर चालवू.  टाकी धुऊन भरली, फुगा दाबला, तो कडक झाला. दोरीच्या चौथ्या झटक्याला इंजिन खोकललं, निळा धूर टाकला, पाचव्याला चालू झालं. मागून पाण्याची धार सुटली. सुरेख चालत होतं.

आवाज ऐकून धाकट्याची बायको आली. समोरच्याच गल्लीत राहते, ताडपत्र्या शिवते, बोटाला चामड्याची टोपी तशीच होती. दारात उभी राहिली. माझ्या दुकानात ती तीन वर्षांत आली नव्हती. पिंपाकडे बघत बराच वेळ ऐकत राहिली.

मग म्हणाली, "म्हणजे खरंच काही बिघडलं नव्हतं."

 ती पोरीकडे वळली. आवाज चढवला नाही, नेहमीच्या सुरात म्हणाली, "बघितलंस? आता तरी बापाची बाजू घेणं सोड. काका तेव्हाच म्हणाले होते. तो प्यायलाच होता."

पुतणीनं मान खाली घातली. सकाळपासून तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्या वाटीमुळे आलेलं, ते मावळताना मला दिसलं. तिनं फडक्यानं एकेक बोट पुसायला घेतलं. इंजिन घरघरत होतं आणि प्रत्येक फेऱ्याला माझ्या भावाला दारुडा म्हणत होतं. मी अजून थोडा वेळ गप्प बसलो असतो तर ते कायमचं झालं असतं. दुसऱ्या दिवशी ती इंजिन घेऊन गेली असती, मला चहा पाजला असता, आणि मी प्यालो असतो. मी इतपत नालायक आहे हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं.

मी नळी उपटली. इंजिन थोडा वेळ चाललं, मग मेलं. भंगाराच्या डब्यात हात घालून तो फुगा काढला आणि बाकावर ठेवला.

"तो प्यायला नव्हता," मी म्हटलं. "हा मी उलटा बसवला होता. इंजिनाला पेट्रोल मिळालंच नाही."

पुतणीनं फुगा उचलला. दोन्ही टोकं बघितली, एका टोकाला इंजिनाकडची नळी तिच्या कडीसकट तशीच राहिली होती. अंगठा फिरवला. कोरड्या वाटीचं उत्तर तिला मिळालं, मला समजावून सांगावं लागलं नाही. ती एवढंच म्हणाली, "सकाळी तुम्ही मला बाहेर पाठवलंत." मी म्हटलं, हो. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, उद्या धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगाल का, आणि नर्सबाईंच्या आईला, त्यांच्या घरी जाऊन? मी म्हटलं, सांगेन.

धाकट्याची बायको तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसली होती. मला वाटलं ती रडेल, किंवा काहीतरी फेकून मारेल. ती बोटावरची चामड्याची टोपी काढून हातात फिरवत होती.

"आठ महिने रोज सकाळी निघताना ते माझ्यासमोर उभे राहायचे," ती म्हणाली. "तोंड उघडून. वास घे म्हणायचे, म्हणजे तुझी खात्री पटेल. मी रोज घ्यायची. त्या दिवशी आमचं वाजलं होतं, कशावरून ते आता आठवतही नाही. ते उभे राहिले आणि मी तोंड फिरवलं. बघ तरी, म्हणाले. मी नाही बघितलं. मग तुम्ही तसं बोललात. तेव्हापासून मला एकच वाटत आलंय, भाऊजी. की त्या दिवशी मी वास घेतला असता तर मला कळलं असतं आणि मी त्यांना बोटीत जाऊच दिलं नसतं. नर्सबाईही वाचल्या असत्या. तीन वर्षं मी हेच धरून बसले होते. त्यांना शिव्या देत होते, पण आतून हे होतं."

मी म्हटलं, तुझा काही दोष नव्हता. ती म्हणाली, तेच तर.

"वास घेतला असता तर काही आलाच नसता," ती म्हणाली. "मी खूश झाले असते. आणि हसत जा म्हटलं असतं."

मग ती उठली. अर्धी शिवलेली ताडपत्री मशीनवर तशीच होती, संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता, असं पोरीला सांगून ती गल्लीत निघून गेली.